बाळंतिणीच्या खोलीत उजेड येऊ द्या

लेक बाळंतपणाला माहेरी आली, की घरातली सर्वांत अंधारी खोली तिच्यासाठी रिकामी होते. वारा लागू नये म्हणून खिडकी बंद, वर गोणपाट. भगिनींनो, वारा जरूर अडवा, पण उजेड अडवू नका.

का, ते सांगते. पुष्कळ तान्ह्या मुलांना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कावीळ दिसू लागते. बहुतेकांची आपोआप उतरते. पण पिवळेपणा तळपायांपर्यंत पोचला किंवा मूल पिईनासे झाले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा लागतो. अंधारात हे कळायचे कसे? रोज सकाळी बाळाला खिडकीपाशी घेऊन डोळ्यांचा पांढरा भाग आणि तळपाय पाहा.

म्हणून तयारी सातव्या-आठव्या महिन्यातच करा. भिंतींना चुना द्या, खोली उजळते. खताची पोती, फवारणीचा पंप, औषधाचा रिकामा डबासुद्धा तिथे नको. शेकाची शेगडी बंद खोलीत ठेवू नका. कोळशाचा विषारी वायू दिसत नाही, त्याला वासही नसतो. सासूबाई रागावतील, तर हा मजकूर त्यांना वाचून दाखवा!

सजावटीला पैसे लागत नाहीत. नव्या बाळाला वीत-सव्वा वीत अंतरावरचेच नीट दिसते, आणि फिक्या रंगांपेक्षा काळे-पांढरे आधी. घरच्या चिंध्यांच्या तशा चार चिमण्या शिवून पाळण्यावर टांगा. मूल हात मारू लागले, की दोरी वर बांधा.