अंगणातला तारपा आणि टेकाडावरचा

भातकापणी आटोपल्यावर मोखाड्याच्या पोशेऱ्यासारख्या गावी वादकाभोवतीच्या फेराला लागून जो तारपा ऐकावा, तोच पलीकडच्या टेकाडावरून ऐकला, तर वाद्य, वादक आणि फुंकर तीच असूनही कानी निराळेच काही पडते. अंगणात भोपळ्याच्या पोटातला वारा, बांबूतल्या जिभल्यांची थरथर आणि नाचणाऱ्यांच्या पायांची धपधप सुटी सुटी ऐकू येते, तर टेकाडावर हे सारे एकमेकांत मुरून दरीतून घुमत आलेला एकच सलग स्वर तेवढा पोहोचतो. रॉक संगीतातील मिक्सिंगचे मर्म मला या अनुभवाने उमगले, कारण श्रोत्याला अंगणात उभे करावे की टेकाडावर, याची मुखत्यारी मिक्सिंग करणाऱ्याकडे असते. प्रोड्यूसरचा अंमल त्याआधीचा: कोणते गाणे घ्यावे, कोणते कडवे गाळावे, गायकाला पुन्हा केव्हा उभे करावे, हे तो ठरवतो.

पर्ल जॅम या रॉक बँडचा ‘टेन’ हा १९९१चा आल्बम सिअ‍ॅटलमध्ये रिक पॅराशर यांच्या देखरेखीखाली ध्वनिमुद्रित झाला आणि मिक्सिंगसाठी इंग्लंडातील सरे परगण्यात, रिज फार्म या आडबाजूच्या स्टुडिओत, टिम पामर यांच्या हाती आला. जवळपास वाद्ये भाड्याने मिळण्याची सोय नसल्याने पामर यांनी ‘ओशन्स’ या गाण्यात तालासाठी चक्क मिरपुडीची डबी आणि आग विझवण्याचे नळकांडे वाजवले, आणि श्रेयनामावलीत त्याची रीतसर नोंदही आहे! एकट्या अमेरिकेत एक कोटीहून अधिक प्रती खपूनही त्यातला घुमारा खुद्द वादकांना खटकत राहिला. म्हणून २००९ साली ब्रेंडन ओब्रायन यांनी त्याच मूळ ध्वनिमुद्रणाचे नव्याने मिक्सिंग केले. गिटारी समोर आल्या, गायक हाताच्या अंतरावर आला. पण मला विचाराल तर टेकाड हरवले. अर्थात प्रथम कानी पडलेल्या रूपावर जीव जडतो, हा पक्षपात मी नाकारीत नाही.

याउलट ध्वनिमुद्रक स्टीव्ह अल्बिनी यांना प्रोड्यूसर हे बिरुदच नामंजूर होते. निर्वाणा या बँडच्या १९९३च्या ‘इन युटेरो’ या आल्बमसाठी त्यांनी विक्रीवरचा हिस्सा न घेता ठरलेली एकरकमी बिदागी पत्करली; त्यांतली दोन गाणी मात्र पुढे स्कॉट लिट यांच्याकडून पुन्हा मिक्स करवून घेण्यात आली.

आपल्याकडे, १९८४ साली मुंबईत ‘रॉक मशीन’ म्हणून उभ्या राहिलेल्या आणि १९९३पासून ‘इंडस क्रीड’ म्हणवणाऱ्या बँडने, ज्यात उदय बेनेगल गातात आणि महेश तिनईकर गिटार वाजवतात, २०१२चा ‘इव्हॉल्व्ह’ हा आल्बम मिक्सिंगसाठी याच टिम पामर यांच्या स्वाधीन केला.

हल्ली तारप्याच्या फेरात एखादा पोरगा मोबाइल उंच धरून उभा असतो. यंत्र आपल्या मर्जीने मोठा आवाज दाबते, बारीक आवाज वर ओढते. घरी ऐकताना भोपळ्यातला वारा आणि दूरचे कुत्रे एकाच उंचीवर येतात, आणि हे मिक्सिंग कोणी केले, असे त्या पोराला कोणी विचारीत नाही.