उतारवयातील पुरुष आणि पत्नीशी संवाद

मालातील तोट्याची गोष्ट व्यापारी आपल्या पत्नीपासून फार काळ लपवीत नाही. मुलांचे शिक्षण, मुलीचे लग्न, भावांतील वाटण्या या सर्वांची चर्चा उभयतांत होते. परंतु पन्नाशीच्या सुमारास पुरुषाच्या शरीरात जे पालट होतात, त्यांविषयी बहुधा एक अक्षरही निघत नाही. पती गप्प राहतो, आणि पत्नी त्या मौनाचा आपल्या परीने अर्थ लावते : माझ्यावरचे मन उडाले, किंवा माझेच काही चुकले. स्मरणिकेत हा विषय कशाला, असे काही वाचकांस वाटेल. पण या गैरसमजाने कित्येक घरांतील शांतता नाहीशी होते, म्हणून तो येथे घेतला आहे.

पुरुषाच्या वृषणांत टेस्टोस्टेरॉन नावाचा अंतःस्राव तयार होतो. १९३५ साली अ‍ॅमस्टरडॅम येथील शास्त्रज्ञांनी तो शुद्ध स्वरूपात वेगळा केला. स्त्रीची रजोनिवृत्ती ही थोड्या वर्षांत पुरी होणारी स्पष्ट घटना आहे. पुरुषाचे तसे नाही. साधारणतः तिशी-चाळिशीनंतर हा स्राव दरवर्षी सरासरीने शेकडा एक या संथ गतीने उतरतो, आणि कित्येकांत तो वृद्धापकाळापर्यंत पुरेसा राहतो. तो फारच कमी झाला तर कामेच्छा मंदावते, शिथिलता येते, थकवा वाटतो, मन उदास व चिडखोर होते. मात्र हीच लक्षणे इतर अनेक कारणांनीही उद्भवतात. युरोपातील आठ देशांत ४० ते ७९ वर्षांच्या तीन हजारांहून अधिक पुरुषांची पाहणी झाली व तिचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. लक्षणे आणि स्रावाची खरी कमतरता ही दोन्ही एकत्र आढळलेले पुरुष शंभरात सुमारे दोनच होते.

मग बाकीच्यांचे काय? गोमंतकापुरते बोलावयाचे तर पहिला संशय मधुमेहावर घ्यावा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे प्रमाण सर्वांत अधिक गोव्यातच, म्हणजे शेकडा २६.४ आढळले. मधुमेह व पोटावरील चरबी या दोहोंमुळे टेस्टोस्टेरॉन घटते, आणि मधुमेहाने रक्तवाहिन्या व मज्जातंतू बिघडून शिथिलताही येते. दिवसभर गादीवर बसून गोड चहा पिणाऱ्या आमच्या वर्गास हे निराळे सांगावयास नको. शिथिलता ही कधी कधी हृदयविकाराची आगाऊ सूचना असते, हेही ध्यानात ठेवावे.

दुसरे कारण चिंता. पाळी, वेळगे, साखळी हा खाणपट्टा. येथील खाणी सप्टेंबर २०१२ मध्ये थांबल्या, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. ट्रकवाल्यांच्या व मजुरांच्या उधारीवर ज्याचा किराणा किंवा टायरचा धंदा चाले, त्याची झोप त्या काळात उडाली असेल तर त्यात नवल कसले? अशा गृहस्थाचे मन मावळले, तर सारा दोष अंतःस्रावावर लादणे बरोबर नाही.

यावर कोणी म्हणेल, मग थेट डॉक्टरांकडेच जावे. पत्नीशी बोलण्याचे प्रयोजन काय? प्रयोजन असे की निम्मी माहिती तिच्याच जवळ असते. रात्री आपण घोरतो, मध्येच श्वास अडकतो आणि दचकून उठतो, हे झोपणाऱ्यास कळत नाही. शेजारी जागी असलेल्या पत्नीस कळते. झोपेतील हा श्वासरोध दिवसाच्या थकव्याचे व कमी झालेल्या स्रावाचे एक महत्त्वाचे कारण आहे. चिडचिड केव्हापासून वाढली, रक्तदाबाची नवी गोळी कोणत्या महिन्यात सुरू झाली, हेही तिलाच नेमके आठवते.

बोलावे कोठे? शयनगृहात, नुकताच अवघड प्रसंग घडून गेल्यावर, मुळीच बोलू नये. एकत्र कुटुंबात भिंतींनाही कान असतात. पाळीहून साखळीस किंवा डिचोलीस दोघेच निघाली असता वाटेत बोलावे. शेजारी शेजारी बसल्याने डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही व संकोच निम्मा होतो. शब्द साधे असावेत. “तुझ्यावर माझी नाराजी नाही. गेले काही महिने अंगात उत्साह नाही, आणि जवळ येण्याचीही भीती वाटते. तुला काय दिसते ते सांग,” इतके पुरे. “अहो, मला वाटले तुम्ही माझ्यावरच रागावलात,” असे उत्तर आले तर आश्चर्य मानू नये. तिचेही वय त्याच सुमाराचे असते. तिची रजोनिवृत्ती, अंगाची काहिली, झोपमोड यांविषयी आपण कधी विचारले होते काय? त्याच वेळी विचारावे.

या विषयावर मराठीत बोलणे एके काळी गुन्हा ठरत असे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ ते १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले. वाचकांच्या प्रश्नांस त्यात दिलेल्या उत्तरांबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. आज कायद्याची आडकाठी नाही, तरी लाजेपायी लोक जाहिरातीतील ‘शक्तिवर्धक’ पुड्यांकडे वळतात. अशा काही पुड्यांत आधुनिक औषध गुपचूप मिसळलेले आढळले आहे. हृदयविकारासाठी नायट्रेटच्या गोळ्या घेणाऱ्याचा रक्तदाब त्यामुळे एकाएकी उतरून प्राणावर बेतू शकते.

टेस्टोस्टेरॉनची रक्तचाचणी सकाळी, उपाशीपोटी, आणि निरनिराळ्या दोन दिवशी करावयाची असते. एका चाचणीवरून औषध सुरू करू नये. कमतरता सिद्ध झाल्यास डॉक्टर प्रोस्टेट ग्रंथी व रक्त तपासून इंजेक्शन किंवा मलम देतात. अपत्याची इच्छा असल्यास हा उपचार टाळतात, कारण त्याने शुक्राणू घटतात. आपल्या घरांतून एक शंका हमखास निघेल, तिचे उत्तर असे : हे औषध आज बहुधा वनस्पतिजन्य द्रव्यांपासून बनवितात, परंतु कॅप्सूलचे आवरण पुष्कळदा प्राणिजन्य जिलेटिनचे असते, तेव्हा लिहून घेतानाच विचारावे. चाचणीच्या दोन्ही सकाळी दुकान उशिरा उघडावे लागेल, आणि डॉक्टरांसमोर पत्नीही शेजारी बसलेली असावी.