जॉन जोन्स नेमका कोणता?

इंग्लंडच्या पश्चिमेस वेल्स हा डोंगराळ देश आहे. तेथील एखाद्या गावचे एकोणिसाव्या शतकातील दप्तर उघडले, तर जोन्स, डेव्हिस, विल्यम्स, इव्हान्स, थॉमस हीच आडनावे पुनःपुन्हा भेटतात. एकाच गावात चार-पाच जॉन जोन्स असत. मग एखाद्याला आपला खापरपणजोबा त्यांतून कसा ओळखता येईल? या कामी त्याचे लग्न ज्या चॅपेलमध्ये लागले, त्या चॅपेलचे नाव फार उपयोगी पडते. कसे, ते पाहू.

आडनावे इतकी थोडी का?

पूर्वी वेल्समध्ये कायमची आडनावे नव्हती. आपण नावापुढे वडिलांचे नाव लावतो, तसेच तेथे चाले. ‘ॲप’ म्हणजे मुलगा. हॉवेलचा मुलगा तो ‘ॲप हॉवेल’. त्याचेच पुढे ‘पॉवेल’ झाले. नंतर इंग्रजी पद्धतीने आडनावे कायम झाली, तेव्हा जॉनच्या मुलाचे जोन्स झाले आणि इव्हानच्या मुलाचे इव्हान्स. प्रचारातली नावेच मोजकी, म्हणून आडनावेही मोजकी! काही खेड्यांत तर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत दर पिढीला आडनाव बदलत असे.

चर्च आणि चॅपेल

सरकारमान्य चर्चपासून वेगळे झालेले मेथडिस्ट, बॅप्टिस्ट, इंडिपेंडंट असे पंथ होते. त्यांची प्रार्थनामंदिरे म्हणजे चॅपेल. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास वेल्समधील बहुसंख्य उपासक चॅपेलमध्येच जात.

पण येथे एक मेख आहे. १७५४ साली अमलात आलेल्या कायद्यानुसार विवाह सरकारमान्य चर्चमध्येच लावावा लागे. सूट होती ती फक्त क्वेकर व ज्यू लोकांना. त्यामुळे मनाने चॅपेलचे असलेले जोडपेही लग्नापुरते चर्चमध्ये जाई. ही सक्ती १८३७ साली संपली. त्याच वर्षी १ जुलैपासून जन्म, विवाह व मृत्यू यांची सरकारी नोंदणीही सुरू झाली. आता नोंदणीकृत चॅपेलमध्ये लग्न लावता येऊ लागले. मात्र तेथे सरकारी निबंधक हजर राही आणि नोंद त्याच्याच वहीत होई. त्याच्या हजेरीची अट शिथिल करणारा कायदा १८९८ साली झाला. म्हणून जुन्या लग्नाची वही चॅपेलमध्ये सापडली नाही, तर नवल वाटू देऊ नका.

दाखला काय सांगतो?

विवाहाच्या दाखल्यावर वधूवरांची नावे, वय, व्यवसाय व राहण्याचे ठिकाण असते. दोघांच्या वडिलांची नावे आणि व्यवसायही असतात. आईचे नाव मात्र २०२१ पासूनच येऊ लागले. वयाच्या रकान्यात पुष्कळदा नुसते ‘सज्ञान’ एवढेच लिहिलेले असते. त्याचा अर्थ २१ किंवा अधिक, इतकाच!

समजा, दाखल्यात ‘बेथेल चॅपेल’ असे आहे. बायबलमधील हे नाव अनेक गावांतील चॅपेलांना दिलेले आहे. म्हणून आधी गाव व पंथ निश्चित करावा. पंथ कळला की पुढची वही कोणती, ते कळते. चॅपेलांच्या १८३७ पूर्वीच्या बाप्तिस्म्याच्या अनेक वह्या सरकारजमा झाल्या. त्या आज लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. आबरिस्टविथ येथील वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयातही चॅपेलांची पुष्कळ कागदपत्रे आहेत. मात्र बॅप्टिस्ट पंथात तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देत नाहीत, जाणत्या माणसांना देतात. ती तारीख जन्माच्या जवळची धरली, तर वीस वर्षांची चूक सहज होईल.

पडताळा हवाच

आता खरी परीक्षा. दाखल्यातील जॉनचे वडील विल्यम, दगडाच्या खाणीतील कामगार. त्याच चॅपेलच्या वहीत दोन जॉन जोन्स सापडले. एकाचा बाप विल्यम, दुसऱ्याचा इव्हान. दुसरा गळला. पण पहिला आपलाच, असे लगेच म्हणता येईल का? नाही! तो बालपणीच वारला असेल तर? म्हणून चॅपेलच्या दफनभूमीतील दगड पाहावेत. त्यांवर पुष्कळदा घराचे किंवा शेतवाडीचे नाव कोरलेले असते. मग जनगणना पाहावी. १८५१ पासून तिच्यात जन्मगावही नोंदलेले आहे. वय, गाव, वडिलांचा व्यवसाय हे सर्व जुळले, तरच तो जॉन आपला.

एक चुकीचा जॉन स्वीकारला, की त्याच्यामागील सगळे पूर्वज परक्याचे ठरतात. आणि आपला खरा पूर्वज वहीत तसाच पडून राहतो. प्रयोगशाळेत एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढत नाहीत. येथेही एक नोंद म्हणजे पुरावा नव्हे, सुगावा होय.

जाता जाता एक प्रश्न. एका जोडप्याचे लग्न १८२० साली झाले. त्यांच्या सर्व मुलांचा बाप्तिस्मा मेथडिस्ट चॅपेलमध्ये झाला. लग्नाची नोंद तुम्ही कोठे शोधाल? उत्तर वरच आहे, पाहा बरे!