वेबसाइटचे नाव घेताना घरचा पत्ता सांभाळा

अकोटच्या बाजारपेठेत कापूस, किराणा, कापड, फर्निचर अशा अनेक धंद्यांत आपले बांधव आहेत. शिवणकाम, भरतकाम, सुतारकाम करणारे कित्येक कारागीर घराच्या ओसरीतच काम करतात. आता घरातील शिकलेली मुले म्हणतात, ‘अब्बा, आपल्या कामाची वेबसाइट काढू या.’ विचार चांगला आहे. अकोला-अमरावतीपलीकडचे गिऱ्हाईक त्यामुळे जोडता येते. परंतु वेबसाइट काढण्याआधी तिचे नाव, म्हणजेच डोमेन, नोंदवावे लागते. या नोंदणीच्या अर्जात नाव, पत्ता, मोबाइल नंबर आणि ई-मेल भरावा लागतो. ही माहिती पुढे कोठे जाते, याचा विचार फार थोडे लोक करतात.

पूर्वी ही सर्व माहिती ‘हू-इज’ नावाच्या यादीत जात असे. चावडीवर लावलेल्या यादीप्रमाणे ती जगातील कोणालाही फुकट पाहता येई. ठगांनी तिचा फायदा घेतला नसता तरच नवल. डोमेनधारकांना नूतनीकरणाच्या बिलासारखी दिसणारी पत्रे पाठवायची आणि पैसे उकळायचे, हा धंदाच झाला. अशाच एका कंपनीविरुद्ध अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००३ साली कारवाई केली.

मे २०१८ मध्ये युरोपात माहिती-संरक्षणाचा कडक कायदा लागू झाला. त्यानंतर डोमेनचा जागतिक कारभार पाहणाऱ्या ‘आयकॅन’ संस्थेने नियम बदलले. आता डॉट कॉमसारख्या नावांच्या बाबतीत व्यक्तीचे नाव, पत्ता, फोन हे सहसा झाकलेले असते. २८ जानेवारी २०२५ पासून अशा नावांसाठी जुन्या हू-इजची जागा ‘आरडॅप’ या नव्या पद्धतीने घेतली आहे. तरीही राज्य, देश आणि काही वेळा ‘संस्था’ या रकान्यातील मजकूर बाहेर दिसतो. म्हणून त्या रकान्यात घरचा पत्ता किंवा फोन नंबर लिहू नये, फक्त दुकानाचे नाव लिहावे. २०१८ पूर्वी नाव घेतले असेल तर ती माहिती खासगी कंपन्यांनी साठवून ठेवलेली असू शकते, हेही लक्षात असू द्यावे.

डॉट इन आणि देवनागरीतील डॉट भारत या नावांचा कारभार ‘निक्सी’ ही आपल्या देशातील संस्था पाहते. डॉट इन नावासाठी खऱ्या मालकाऐवजी दुसऱ्याचे नाव पुढे करणारी ‘प्रॉक्सी’ सेवा घेण्यास तिची परवानगी नाही. तेव्हा कोणी ‘डॉट इनवर तुमचे नाव लपवून देतो’ म्हणून जादा पैसे मागितले, तर सावध व्हावे.

काही जण भीतीपोटी अर्जात खोटा पत्ता लिहितात. ही मोठी चूक आहे. माहिती खोटी निघाल्यास नाव रद्द होऊ शकते. डॉट कॉमसारख्या नावांत पडताळणीच्या ई-मेलला १५ दिवसांत उत्तर दिले नाही, तर वेबसाइट बंद पडू शकते.

याहून मोठा धोका वेगळाच आहे. आपल्याकडे कॉम्प्युटरवाल्या मुलाला पैसे देऊन ‘तूच सगळे करून दे’ असे सांगण्याची रीत आहे. तो स्वतःच्या नावाने, स्वतःच्या ई-मेलवर नोंदणी करतो. दोन-तीन वर्षांनी त्याने धंदा बदलला किंवा जास्त पैसे मागितले, तर आपल्याच दुकानाचे नाव आपल्या हातात राहत नाही. डोमेनला दुकानाच्या पाटीइतकीच किंमत आहे, हे न्यायालयांनीही मानले आहे. १९९९ साली ‘रेडिफ’ने ‘रॅडिफ’ या मिळत्याजुळत्या नावाविरुद्ध दाद मागितली, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने ते नाव वापरण्यास मनाई केली होती. पण कोर्टाची पायरी चढणे लहान कारागिराला परवडणारे नाही. नोंदणी पहिल्यापासूनच आपल्या नावाने करावी.

व्यापारी बांधवांनी पुढील गोष्टी कराव्यात. धंद्यासाठी वेगळा ई-मेल आणि वेगळे सिमकार्ड ठेवावे. घरच्या बायका-मुलांचा नंबर अर्जात देऊ नये. दुकान असेल तर दुकानाचाच पत्ता द्यावा. खात्याचा पासवर्ड स्वतःजवळ ठेवावा आणि मोबाइलवर येणारा ओटीपी कोणालाही सांगू नये. नूतनीकरणाची तारीख वहीत लिहून ठेवावी. बिल आले तर त्यातील लिंक न उघडता, ज्या कंपनीकडून नाव घेतले तिच्या खात्यात स्वतः जाऊन खात्री करावी. फसवणूक झालीच तर ताबडतोब १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

एक गोष्ट मात्र विसरू नये. वेबसाइटवरून नियमित माल विकणाऱ्याने आपले कायदेशीर नाव, पत्ता आणि संपर्क वेबसाइटवर देणे, हे २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार आवश्यक आहे. गिऱ्हाइकापासून तोंड लपवून व्यापार होत नाही. दुकानाचा पत्ता सर्वांना कळू द्या, घराचा पत्ता मात्र ज्याला सांगायचा त्यालाच सांगा.