लाडकी होती, तरी बंद पडली

तळेगावला एकेकाळी शेवरोले बनवणारी जनरल मोटर्स ऐकून माहीत असेल. तिचीच धाकटी लेक म्हणजे सॅटर्न. अमेरिकेत छोट्या जपानी गाड्यांचा बोलबाला झाला, तेव्हा त्यांना टक्कर द्यायला १९८५मध्ये ही कंपनी निघाली. टेनेसी राज्यातल्या स्प्रिंग हिलच्या कारखान्यातून १९९०मध्ये पहिली गाडी बाहेर पडली.

गाडी तशी साधीच. पण शोरूममध्ये घासाघीस नाही, सगळ्यांना एकच भाव. दारांचं बाहेरचं आवरण प्लॅस्टिकचं, त्यामुळे पार्किंगमध्ये कुणाचं दार आपटलं तरी सहसा पोचा पडायचा नाही. १९९१मध्ये काही गाड्यांत सदोष कूलंट गेल्याचं कळलं, तर कंपनीनं १,८३६ गाड्या चक्क बदलून दिल्या! मग मालक जीव लावणारच ना? १९९४मध्ये कारखान्यानं त्यांना भेटीला बोलावलं, तर चाळीस हजारांहून जास्त माणसं जमली.

मग माशी शिंकली कुठे? मालकांची कुटुंबं वाढली, पण सॅटर्नची मोठी गाडी यायला जवळजवळ दहा वर्षं लागली. तोवर बरेच जण दुसरीकडे वळले. २००९मध्ये जनरल मोटर्सचं दिवाळं निघालं, सॅटर्न विकायचा सौदाही फिसकटला आणि २०१०मध्ये ती कायमची बंद झाली.

उद्या स्टार्टअप काढाल, तेव्हा एवढं ध्यानात ठेवा. मान दिलात की गिऱ्हाईक येतं. पण टिकवायचं असेल, तर त्याची पुढची गरजही ओळखावी लागते.