खांबावरचा शेंदूर

गोकुळाष्टमीची रात्र होती. आमच्या गावातील मराठी मंडळींच्या सभागृहात बुवांचे कीर्तन चांगले रंगले. बाराच्या ठोक्याला पाळणा हलला, सुंठवडा वाटला गेला. मंडळी उठण्याच्या बेतात असताना नववीत शिकणाऱ्या एका मुलीने विचारले, "कृष्ण खरंच होऊन गेला का, की ही नुसती गोष्टच आहे?"

प्रश्न कोणा एकाला उद्देशून नव्हता. पण उत्तरे दोन बाजूंनी तत्काळ आली. एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, "असं विचारू नये, बाळ. देवाच्या दारी शंका घेऊ नये." शेजारचा एक तरुण अभियंता हसून म्हणाला, "पुरावा काहीच नाही. सगळी कविकल्पना." मुलीने दोघांकडे पाहिले आणि मग आमच्याकडे पाहिले. मराठी घेऊन एम. ए. झालेले, तीस वर्षे फळ्यापुढे खडू झिजवलेले आम्ही काय म्हणालो? "मोठी झालीस म्हणजे कळेल!" ती काही न बोलता आजीचा हात धरून निघून गेली.

त्या उत्तराची आम्हाला पुढे फार लाज वाटली. एकाने शंकेला दोष दिला, दुसऱ्याने श्रद्धेला. आम्ही तर प्रश्नच टाळला, आणि शिक्षकाने ते करू नये. प्रस्तुत लेख म्हणजे त्या मुलीचे फेडावयाचे राहिलेले ऋण होय.

वस्तुतः तिच्या एका प्रश्नात दोन प्रश्न दडलेले आहेत. श्रीकृष्णाची भक्ती किती प्राचीन आहे, हा पहिला; आणि ज्याची भक्ती होते तो पुरुष खरोखर होऊन गेला काय, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर विद्वानांनी पुष्कळ खात्रीने दिले आहे आणि त्यातील एक फार मोठा पुरावा जुन्या ग्वाल्हेर संस्थानाच्या भूमीवर, विदिशेजवळ बेसनगर येथे उभा आहे.

हा पुरावा म्हणजे एक दगडी स्तंभ. तेथील लोक त्याला 'खांब बाबा' म्हणतात. नदीवर पोट भरणारे कोळी लोक पिढ्यान्‌पिढ्या त्याची पूजा करीत आणि त्याला शेंदूर फाशीत. १८७७ साली पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅम तेथे आले. त्यांनी स्तंभ पाहिला, त्याची नोंदही केली. परंतु शेंदराचे पुट इतके जाड होते की, त्याखालचा लेख काही त्यांना दिसला नाही. पुढे १९०९ साली शेंदूर काढण्यात आला आणि खालून ब्राह्मी लिपीतील प्राकृत अक्षरे उजेडात आली.

लेखात म्हटले होते काय? तक्षशिलेचा रहिवासी, दिओनचा पुत्र हेलिओडोरस, हा अँटिआल्किडास नामक यवन राजाचा राजदूत म्हणून भागभद्र राजाकडे आला होता. देवाधिदेव वासुदेवाप्रीत्यर्थ हा गरुडध्वज त्याने उभारला. स्वतःला तो 'भागवत' म्हणवितो, आणि दम, त्याग व सावधपण यांनी स्वर्ग मिळतो असेही खाली लिहवितो. काळ सुमारे इसवी सनापूर्वीचे दुसरे शतक. ग्रीक घराण्यातला मनुष्य वासुदेवाचा भक्त झालेला पाहून कोणास नवल वाटणार नाही? १९६३ ते १९६५ या काळात तेथे पुन्हा उत्खनन झाले, तेव्हा स्तंभाहून जुन्या अशा एका लंबवर्तुळाकार मंदिराचा पायाही सापडला.

पुरावा एवढाच नाही. १९७० साली अफगाणिस्तानातील ऐ-खानूम येथे अगाथोक्लिस या यवन राजाची नाणी सापडली. त्यांवर चक्रधारी वासुदेव आणि नांगर घेतलेला संकर्षण कोरलेले आहेत. जुन्नरजवळच्या नाणेघाटातील सातवाहनांच्या शिलालेखात आरंभीच्या वंदनात हीच जोडी आहे. याहून आधी पाणिनीने वासुदेवाच्या व अर्जुनाच्या भक्तांसाठी शब्द कसा साधावा हे सांगितले. आणि पतंजलीच्या महाभाष्यात कंसवध ही फार पूर्वी घडलेली गोष्ट म्हणून येते, तिचे खेळ होत असल्याचाही उल्लेख येतो. तात्पर्य, श्रीकृष्णाची पूजा दोन हजार वर्षांहून जुनी आहे, याविषयी शंकेला जागा नाही. "पुरावा काहीच नाही" हे त्या तरुणाचे म्हणणे निदान इतक्यापुरते चुकीचे होते.

आता दुसरा प्रश्न. लोक पूजा करीत होते, एवढ्यावरून तो पुरुष होऊन गेला असे सिद्ध होत नाही. येथे विद्वानांची पावले जपून पडतात. छांदोग्य उपनिषदात घोर आंगिरस ऋषींचा शिष्य म्हणून देवकीपुत्र कृष्णाचा उल्लेख आहे. पण तोच हा काय, यावर एकमत नाही. डॉ. रा. गो. भांडारकरांच्या मते वासुदेव आणि गोकुळातला गोपालकृष्ण हे मूळचे वेगळे प्रवाह असून कालांतराने एकत्र आले.

भारतीय युद्धाच्या काळाचेही तसेच. ऐहोळे येथील इ. स. ६३४ च्या शिलालेखात रविकीर्तीने युद्धाला ३७३५ वर्षे झाल्याचे नोंदविले आहे. म्हणजे इसवी सनापूर्वी सुमारे ३१०० वर्षे. ग्वाल्हेरचे सरन्यायाधीश राहिलेले भारताचार्य चिंतामणराव वैद्य यांनीही जवळपास हाच काळ मानला. उलट पार्गिटर यांनी इ. स. पूर्व ९५० च्या सुमाराचा काळ काढला. ब्रजवासी लाल यांनी १९५० ते १९५२ या काळात हस्तिनापूर खणले. तेथे राखी रंगाची चित्रित भांडी मिळाली आणि गंगेच्या पुराने वस्ती वाहून गेल्याच्या खुणाही मिळाल्या. पुराणांत हस्तिनापूर असेच पुरात गेल्याची कथा आहे, म्हणून लाल यांनी दोहोंचा संबंध जोडला. परंतु तेथे राजवाडे नव्हते, कुडामातीची घरे होती, याकडे इतरांनी बोट दाखविले. द्वारकेच्या समुद्रात गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या वतीने एस. आर. राव यांनी १९८० नंतर शोध घेतला. तेथे मिळालेले दगडी बांधकाम व नांगर त्यांनी श्रीकृष्णाच्या द्वारकेचे मानले. पुढील अभ्यासकांना ते बरेच अलीकडचे वाटले.

पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ अशी सत्तेचाळीस वर्षे खपून, बाराशेंवर हस्तलिखिते ताडून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. वडोदऱ्याच्या प्राच्यविद्या मंदिराने रामायणाचे तसेच कार्य १९७५ पर्यंत पुरे केले. पण त्या आवृत्त्यांनी जुन्यात जुना पाठ कोणता ते सांगितले. प्रत्यक्ष काय घडले ते सांगण्याचा दावा त्यांनी केला नाही. विद्वत्तेची प्रामाणिकता आम्हाला येथे दिसते. जेथवर साधन आहे तेथवर जावे, साधन संपले की थांबावे.

गेल्या हिवाळ्यात आम्ही काही मुलांना विदिशेस नेले. ती मुलगी होती, तिची आजीही हट्टाने आली होती. आजींनी चौथऱ्यापाशी वाकून नमस्कार केला आणि विचारले, "म्हणजे गुरुजी, इतक्या वर्षांपूर्वीही लोक याच देवाच्या पाया पडत होते?" आम्ही होय म्हटले. त्यांचे डोळे पाण्याने भरले. दगडावरचे एकही अक्षर त्यांना वाचता येत नव्हते. तरी त्या क्षणी त्यांना जे मिळाले ते आम्हाला इतकी पुस्तके चाळून मिळाले नव्हते, हे येथे मान्य केले पाहिजे.

मुलगी मात्र वहीत अक्षरे उतरवून घेत होती. ती म्हणाली, "सर, पण तो होता का, हे राहिलंच."

"राहिलं खरं," आम्ही म्हणालो. "भक्ती होती, हे या खांबावरून कळतं. तो होता असं आज कोणाला सिद्ध करता येत नाही, आणि नव्हता असंही नाही. तू शीक, शोध. आणि शोधताना आजींना नमस्कार करू नका असं मात्र म्हणू नकोस."

परतताना आमच्या मनात त्या कोळ्यांचा विचार होता. त्यांच्या शेंदराने लेख झाकला गेला, हे खरे. पण त्यांनी देव मानला नसता तर तो खांब केव्हाच फुटून कोणाच्या तरी घराच्या पायात गेला असता, असे आम्हाला वाटते. आणि शेंदूर काढणारे कोणी आले नसते, तर हेलिओडोरसाचे नाव आपल्याला कधी कळलेच नसते. आमच्या घरांत आजीही आहेत आणि नववीतल्या मुलीही. दोघींना एका पंक्तीला बसविता आले पाहिजे. मुलीने प्रश्न विचारला म्हणून तिला गप्प करण्याचे कारण नाही.