टेक्सास विद्यापीठाचे द्वार

लहान गावच्या मुलास मोठ्या विद्यापीठात जागा मिळेल काय, असा प्रश्न पालक आम्हांस करितात. अमेरिकेतील टेक्सास राज्याने १९९७ साली ह्याचे उत्तर कायद्याने दिले. तेथील हायस्कुलात जो आपल्या वर्गाच्या पहिल्या शेकडा १० मध्ये येईल, त्यास राज्याच्या विद्यापीठांत प्रवेश निश्चित झाला. तुलना आपल्याच सोबत्यांशी. शहरातील संपन्न शाळेशी नव्हे. परंतु ऑस्टिन येथे गर्दी वाढली. २००९ च्या दुरुस्तीने तेथे अशा प्रवेशांस मर्यादा घालण्याची मुभा मिळाली, आणि २०२६ च्या प्रवेशांसाठी ती रेषा शेकडा ५ वर आली. शिवाय विद्यापीठात जागा मिळाली म्हणजे इच्छिलेला विषय मिळालाच असे नाही. म्हणून, विद्यार्थिमित्रहो, असा क्रमांक वर्षानुवर्षांच्या नित्य अभ्यासाने लाभतो. अखेरच्या महिन्यातील जागरणाने नव्हे.